आदिनाथचं पाचवं फोल्डर

आदिनाथची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्याचे फक्त पाय दिसले. लातूरच्या आमच्या क्लासमध्ये जिन्याखालच्या खोलीतून असा आवाज येत होता की वाटलं, सोयाबीनचं मळणीयंत्र आत घुसलंय. टेबलाखालून दोन पाय बाहेर आणि वर वायरींचा एवढा गुंता, की जीवशास्त्राची अख्खी बॅच त्यात अडकून वर्षभर सापडली नसती. मी पायांनाच विचारलं, "जिवंत आहात का?"

पाय म्हणाले, "हाव सर. पंखा बदलायलोय."

तो आवाज क्लासच्या लिनक्स सर्व्हरचा. आम्हा मास्तरांच्या प्रश्नपत्रिका त्यात असत आणि आम्ही आपापल्या विंडोजच्या संगणकावरून त्या उघडायचो. आदिनाथ त्या यंत्राचा एकमेव पुजारी. डबासुद्धा त्याच्याच पाठीवर ठेवायचा, गरम राहतो म्हणून.

भूकंपात गाव गेलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. शेतात झोपला होता म्हणून वाचला. घरातलं दुसरं कुणी वाचलं नाही. पुढे वसतिगृह, आयटीआय आणि मग आमचा क्लास. भौतिक, रसायन, जीव, गणित या चार फोल्डरांशेजारी सर्व्हरवर त्याचं एक पाचवं होतं, 'गाव'. त्यात तो जुन्या गावाची घरवार यादी करत होता: कोण कुठं राहायचं, कोण गेलं. दर रविवारी पुनर्वसनाच्या नव्या गावात म्हाताऱ्या सरजाबाईंकडे जाऊन बसायचा. जुन्या गल्ल्या पाठ असलेल्या त्या एकट्याच उरल्या होत्या. "जनगणना कुठवर आली?" असं मी छेडलं की म्हणायचा, "चावडीपस्तोर." सात वर्षांनी यादी पुरी झाली. त्याच पावसाळ्यात सरजाबाई वारल्या.

मध्यंतरी आमचा एक पेपर फुटला होता. तेव्हा संचालक विरूपाक्ष सरांच्या हुकमावरून आदिनाथने ठरावीक संगणकांचे नेटवर्कवरचे पत्ते सर्व्हरला लिहून दिले होते. बाकी कुणालाही दार बंद.

आमच्याकडे चाचणीच्या गुणांवर बॅचा बदलतात, आणि बॅचेबरोबर मास्तर. पुढच्या जूनमध्ये तर सगळ्याच बॅचा हलल्या, आणि सगळे मास्तर आपापल्या संगणकासकट रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेले. सोमवारी एकाही संगणकावरून सर्व्हर उघडेना. दुपारी दोन हजार मुलांची चाचणी होती. विरूपाक्ष सरांना वाटलं, आदिनाथ मुद्दाम अडवतोय. त्यांनी नांदेडहून आलेल्या एका इंजिनिअरला बोलावून घेतलं.

आदिनाथ शांतपणे एकेक तपासत होता. सर्व्हर चालू, वायर ठीक, पासवर्ड बरोबर. मग सर्व्हरच्या नोंदवहीत त्याला एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसली: जोडणी नाकारली. समोरचे पत्ते अनोळखी होते. खात्री करायला तो नव्या इमारतीत गेला.

तेवढ्यात इंजिनिअर आला. म्हणाला, हे जुनाट आहे, पुसून विंडोजच टाकू. ठेवायचं काय काय, ते सांगा. विरूपाक्ष सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझं लक्ष घड्याळाकडे. मी भौतिक, रसायन, जीव, गणित अशी चार नावं सांगितली आणि वर्गावर गेलो.

परत आलो तेव्हा आदिनाथ दारात होता, धापा टाकत. "सर, सापडलं. तिकडं गेल्यावर पत्ते बदलले. एक ओळ लिहायची हाय फक्त."

इंजिनिअर म्हणाला, "आता कशाला? नवीन टाकून झालं की."

आदिनाथने माझ्याकडे वळून विचारलं, "गावाचं घेतलं ना, सर?"

एरवी मला विनोद सुचायला वेळ लागत नाही.

पुसलेलं परत मिळतंय का बघायला डिस्क पुण्याला पाठवली. तिच्यातून काही निघालं नाही. चाचणी ठरल्या वेळेला झाली. आदिनाथ क्लास सोडून गेला; सध्या हदगावला दुकानांमध्ये कॅमेरे बसवतो.