भात्याची स्प्रिंग

घरात त्याला भाता म्हणत, कारण लहानपणी फुगे फुगवायचे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. पुढे तो शास्त्रज्ञ झाला, तरी ताईने नाव काही बदलले नाही. वडील ज्या दुखण्याने गेले, त्यात श्वास ओढणारे स्नायूच थकत जातात. तेच दुखणे ताईला जडले, तेव्हा भात्याने मुठीत मावेल अशी एक नळी बनवली. आत झडप, झडपेला स्प्रिंग. तोंडात धरून जोराने श्वास ओढला तरच झडप उघडायची, आणि त्यातून स्नायूंना व्यायाम.

प्रयोगशाळेत दाबमापक होता, पण हा गडी त्याला हिंग लावूनही विचारत नसे. "माझी छाती खोटं बोलत नाही," म्हणायचा. दर आठवड्याला झडप धुवायला स्प्रिंग आवळणारा स्क्रू सगळा काढावा लागे. मग स्वतः नळीतून श्वास ओढत ओढत तो पुन्हा आवळायचा. स्वतःला जेमतेम जमले, की किंचित सैल करून ताईला द्यायचा.

सुरुवातीला ताई घामाघूम होई. पुढे ती सहज ओढू लागली. "भात्या, तुझ्या स्प्रिंगमध्ये काही दम नाही बरं का!" ती चिडवायची, आणि हा हरखून जायचा. जिन्यात मात्र ती अजून पहिल्याच वळणावर थांबे. अलीकडे तोही थांबे. तिला सोबत म्हणून, असे तो स्वतःला बजावी. आडवे झाले की गुदमरायचे, त्याचे खापर त्याने गादीवर फोडले.

इस्पितळाने ताईच्या प्रगतीचे आकडे मागितले, तेव्हा तिच्यासमोरच त्याने एकदाचा मापक जोडला. नळी बनवली त्या दिवशी एकदाच नोंदलेल्या दाबाच्या निम्म्यावरच काटा अडला. त्याने दुसरा मापक आणला. तोही तेच सांगू लागला.

"किती वाढलं रे?" ताईने उत्सुकतेने विचारले.

"ताई, तू नाही सुधारलीस. मीच स्प्रिंग सैल... सैल लावत गेलो. मला ओढवत नव्हतं म्हणून."

ताईचा चेहरा उतरला. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिले. वडीलही असेच वाक्याच्या मधे श्वासासाठी थांबत.

"कधीपासून?"



तिने स्क्रू आणखी सैल केला, नळी पुसली आणि त्याच्या हातात दिली. "ओढ. आणि उद्यापासून मापक लावून."

भात्याने नळी तोंडात धरली. घरात आता दोन लागणार होत्या.