बसल्या जागी गाडी लागते

मला गाडी लागते, आणि तीही जागेवरून न हलणारी. बिदरला शिकाऊ वैमानिकांच्या सरावासाठी एक सिम्युलेटर आहे. बंद खोली, विमानातली असते तशी खुर्ची आणि समोर अर्धगोल पडदा. त्याची देखभाल माझ्याकडे. मुलं यायच्या आत रोज सकाळी एकट्याने ते चालू करायचं, पडद्यावरच्या धावपट्टीवरून उडायचं, एक फेरी मारून उतरायचं आणि सगळं ठीक असल्याची सही करायची. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या वळणावर तोंडात आंबट पाणी आलं, पाठ घामाने थंड पडली आणि मी स्वतःच्या टोपीत ओकलो. खुर्ची तसूभरही हलली नव्हती.

हे कुणाला सांगणार? जनवाड्याला घरी तर नाहीच. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावभर सांगून ठेवलं होतं की पोरगा विमान उडवतो. मी तसं कधी म्हणालो नव्हतो. पण नाही असंही म्हणालो नव्हतो, आणि त्याची मला जास्त लाज वाटायची.

लहानपणी जीपमधून बिदरला येताना मला उलटी व्हायची, तेव्हा अप्पा म्हणायचे, "जवळ बगू नगं, लांब बग." खुर्चीत बसून मी तोच उपाय केला. पडद्यावरच्या क्षितिजावर डोळे रोखले आणि त्या सकाळी सर्वांत जास्त हाल झाले. तिथे जे लांब दिसत होतं, नेमकं तेच खोटं होतं, हे कळायला मला महिना लागला. मग मळमळलं की मी मान खाली घालून आपल्या गुडघ्यांकडे बघत बसू लागलो.

दुपारी पाळी संपली तरी जमीन डुलत असायची. मोटरसायकल चालवायची हिंमत होत नसे, म्हणून मैलूर भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीपर्यंत ती ढकलत नेत असे. वाटेतला चहावाला रोज विचारायचा, "अण्णा, गाडी ढकलत कामून जायलाव? पेट्रोल संपलं व्हय?" मी हो म्हणायचो. दिवसभरात माझं कुणाशी झालेलं बोलणं बहुतेक एवढंच असायचं.

वेळा अमावास्येला, शेतातल्या पूजेच्या सणाला, गावी गेलो. सगळी भावकी शेतात जमली होती, कडब्याच्या कोपीसमोर पूजा झाली होती आणि भज्जी-आंबिलीच्या पंगती बसल्या होत्या. तेवढ्यात वरून एक विमान गेलं. अप्पा ताटावरून उठले आणि दोन्ही हात वर करून विमानाच्या दिशेने हलवू लागले.

चुलते म्हणाले, "आरं, पोरगं तर हितं जेवायलंय. मग वर कोण हाय?"

सगळे हसले. अप्पांचे हात तसेच वर राहिले. ते रोजच असे हात करत असणार, हे मला तेव्हा कळलं.

जेवणं उरकल्यावर मी त्यांना बांधावर नेलं. "अप्पा, म्या कंदीच वर गेलेलो न्हाई. खाली एका बंद खोलीत बसतो. तितं पडद्यावर इमान दिसतंय. आन् त्येच्यानं बी मला उलट्या व्हायल्यात."

मला वाटलं, अप्पा आता विचारतील, गावाला काय सांगू?

"त्या खोलीत एकलाच असतोस व्हय रं?" त्यांनी विचारलं.

"व्हय, अप्पा," मी म्हणालो, आणि त्यांच्या शेजारी बांधावर बसलो.