माल वाहाची गाडी नोय

बॉनेटवर दोनदा थाप मारल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. थाप मारायची, पोट जरा पुढे काढायचं आणि म्हणायचं, "हे गाडी ऑस्ट्रेलियात बी हेच, आफ्रिकेत बी हेच." ऐकणारा दूधवाला असो की माझी भाची. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. नसेल तर सुखी आहात.

अकोल्यात तो आमच्या समोर राहायचा आणि त्याची गाडी माझ्या फाटकासमोर. पुढे चार दारांची मोटार, मागे उघडा हौदा, आणि काचेच्या बाजूने वर गेलेलं एक काळं नळकांडं. हे कशाला, म्हणून मी एकदा विचारलं.

"मॅडम, छातीएवढ्या पाण्यातून जाते गाडी. इंजिन याच्यातून श्वास घेते."

आमच्या नळाला तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. मी बादली उचलून आत गेले.

धंदा प्लॉटचा. कुणाचं शेत दिसलं की त्याला लेआउट दिसायचा. डोंगर, वाळवंट, बर्फ सगळं मोबाइलवर पाहिलेलं. गाडी मात्र घर ते ऑफिस, ऑफिस ते ढाबा आणि अधूनमधून अमरावतीला सासुरवाडी, एवढीच फिरे. हौद्यात त्याने गालिचा अंथरला होता. हो, गालिचा. त्यावर कधी भेंडीचं देठसुद्धा पडलं नाही.

आता आपल्याकडे हौदा दिसला की माणूस विचारणारच. गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त पोस्टमास्तर सकाळी दूध घेऊन परतताना मुद्दाम थांबत. "काहो, भाडं हाये काय?"

हा लालबुंद. "काका, माल वाहाची गाडी नोय हे."

रोज तेच. मलाही हसू यायचं, खोटं कशाला सांगू.

पण हेच उत्तर त्याने बापाला दिलं, ते माझ्या डोक्यात गेलं. वडील बार्शीटाकळीकडच्या खेड्यात वांगी, कोथिंबीर पिकवायचे. खांद्यावर पोतं घेऊन एसटीने यायचे आणि अर्धी वांगी माझ्या दारात ओतायचे. एकदा अंगणात उभं राहून त्याला म्हणाले, "बापू, एक खेप माहे वांगे तुह्या गाडीत बजारात ने ना. मी समोर बसतो. गावानं पाहाले पायजे."

"बाबा, माल वाहाची गाडी नोय हे. गालिचा खराब होते."

"बरं बा. राहू दे," म्हणत म्हातारे हसले. रिकामं पोतं घडी करून काखेत घातलं आणि स्टँडकडे चालू लागले. हा सोडायलाही गेला नाही. नालायक, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

पुढचं मला त्याच्या बायकोनं सांगितलं. ऑगस्टात पावसाची झड लागली होती. वांग्यात काम करता करता म्हाताऱ्यांच्या छातीत कळ आली आणि ते तिथंच बसले. गावातल्या चुलतभावाने याला फोन केला, "गाडी डांबरी रोडवरच ठेव. आमी बाजेवर टाकून आणतो. वाफसा नाही, पांदणीत घालू नको."

वाफसा काय ते वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही कळतं. काळी माती जरा सुकून पाय झेलू लागेपर्यंत तिच्यात चाक घालायचं नाही. हा त्याच मातीत वाढलेला. पण याला ऑस्ट्रेलिया ठाऊक ना.

"फोर बाय फोर हाये," म्हणाला, आणि घातली.

शेताकडे जाणारी ती पांदण, दोन्हीकडे बाभळी, जेमतेम बैलगाडी जाईल एवढी वाट. अर्ध्यावर चाकांना चिखलाचे थर चढले, चाकं जागीच फिरू लागली आणि गाडी सरकून आडवी बसली. समोरून बाज घेऊन माणसं आली तर वाट बंद. त्यांना काट्यांतून, शेजारच्या तुरीतून, गुडघाभर चिखलातून वळसा घालावा लागला. हा मागून "बाबा, बाबा" करत अनवाणी धावत होता. डांबरी रस्त्यावर कोबीचा टेम्पो मिळाला. ड्रायव्हरने पोत्यांवरच बाज चढवून घेतली. म्हातारे दवाखान्याच्या दारात संपले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

भेटायला जाताना मी चार शब्द सुनावायचे ठरवून गेले होते.

"मॅडम, वाफसा समजते मले," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "बाबानंच शिकवला व्हता."

माझे शब्द मी तसेच परत आणले. राग मात्र गेला नव्हता. आजही पुरता गेलेला नाही.

ट्रॅक्टरने ओढून आणलेली गाडी बरेच दिवस वाळल्या चिखलानिशी माझ्या फाटकासमोर उभी होती. गालिचा त्याने काढून टाकला. पोस्टमास्तर तेव्हा नागपूरला लेकीकडे होते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. परतल्यावर सकाळी नेहमीसारखे थांबले. "काहो, भाडं हाये काय?"

मी झाडू हातात घेऊन तशीच उभी. तो पायऱ्या उतरून आला. बॉनेटवर थाप मारली नाही. मागे जाऊन हौद्याचा फाळका खाली पाडला.

"कुठी न्या लागते, काका?"

पोस्टमास्तर गडबडले. त्यांच्या हातात दुधाच्या पिशवीशिवाय काही नव्हतं. "नाही बा, असंच म्हणलं."

"द्या," तो म्हणाला. पिशवी घेऊन त्याने रिकाम्या हौद्यात नीट कोपऱ्याशी ठेवली, फाळका लावला आणि पुढचं दार उघडलं.

"बसा. समोर बसा."