भुकेची वाट

ह्यांचं पोट सदा जड, अंगात उत्साह नाही. वैद्यांनी बजावलं, कडकडून भूक लागल्याशिवाय जेवायचं नाही. तेव्हापासून आमचे हे जेवणवेळेला आलं-सैंधव चघळत झोपाळ्यावर बसतात, पाहुणा यायचा असल्यासारखे दाराकडे बघत.

“लागली का हो भूक?”

“अजून नाही गं.”

जन्मभर घड्याळ बघून जेवलेल्या माणसाला ती ओळखू तरी कशी येणार? माझी मात्र तिच्याशी जुनी ओळख. सगळ्यांना वाढून होईपर्यंत माझा पदर ओढत उभी असायची बिचारी.

आज भाकरी गार व्हायला लागली, तशी मी सरळ ताट घेऊन बसले. पहिला घास तोंडात जातोय तोच झोपाळा थांबला.

“अगं, लागली वाटतं!”

आता रोज मीच आधी बसणार. औषधच आहे ते, चुकवून कसं चालेल?