मेंदूचे काप

"हात हिचे," माझ्याकडे बोट करून सर पाहुण्यांना म्हणाले. मग मंचावरच्या वसुधाकडे वळले. "आणि डोकं हिचं."

सभागृह हसलं. मीही हसले. सवय होती.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नागपुरात प्राणिशास्त्राच्या विभागात मी आणि वसुधा सरांच्या हाताखाली पीएचडी करत होतो. आम्ही उमरेडचे, महार. बाप हातमागावर लुगडी विणायचा. पाहुण्यांनी विचारलं होतं, इतके पातळ काप घेतले कोणी? म्हणून सरांनी मला दाखवलं. विणकराची पोर, बोटांत सफाई.

काप कोंबडीच्या गर्भाच्या मेंदूचे होते. शहराबाहेर वाडी गाव आहे, तिथल्या पोल्ट्रीतून अंडी मी आणायची, टोपली मांडीवर घेऊन, बसनं. उबवणपेटीत ठेवायची. वेळ झाली की फोडायची. इवलासा मेंदू मेणात बसवून कापायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. बाकीचे दुपारी एकत्र डबा खात. मला कधी कोणी हाक मारली नाही. मी पेटीच्या खोलीत जेवायची. तिथं ऊब होती. माणूस नव्हतं.

तिथंच, एकटीनं, मी मेंदू बनताना पाहिला. आतल्या पोकळीच्या काठाला पेशी विभागत राहतात. काही तिथंच थांबतात. काही बाहेर सरकतात, चेतापेशी होतात. जनुकं तर सगळ्यांत तीच. मग फरक कशानं पडतो? काही जनुकं दुसऱ्या जनुकांना जागं करतात, गप्प बसवतात, असं तेव्हा वाचायला मिळू लागलं होतं. मेंदूत चेतापेशी कोणी व्हायचं आणि कधी, हेही त्यांच्याच हुकमानं ठरत असेल का? हा प्रश्न माझा. विश्वासानं मी तो सरांना सांगितला होता. त्या दिवशी सभागृहात वसुधा तो स्वतःचा म्हणून वाचून दाखवत होती. शब्दसुद्धा माझेच.

हसणं थांबलं तसं सर म्हणाले, "मेंदू घराण्यातून यावा लागतो. सवलतीत मिळत नाही."

या वेळी मी हसले नाही. इतके मेंदू पाहिले होते मी. नव्या चेतापेशीवर घराण्याची खूण कुठंच दिसली नव्हती.

उभी राहिले.

"सर, डोकंही माझंच आहे. पुढचं मी सांगते."

"खाली बस."

"नाही बसत."

वसुधानं मान खाली घातली. सरांनी प्रोजेक्टर बंद करायला लावला. पडदा कोरा. मी तशीच बोलत राहिले. पाहुणे उठले, मग एकेक करून सगळे. वसुधाही गेली. शेवटचं मी रिकाम्या खुर्च्यांना सांगितलं. पण पूर्ण सांगितलं.

सकाळी पेटीच्या खोलीला नवं कुलूप. आत माझी अंडी. खोली उघडून दिली तेव्हा पेटी बंद होती, अंडी थंडगार पडली होती.

उमरेडला गेले. आई म्हणाली, "काहून तोंड उघडलं वं? चुपचाप शिकून घेतलं असतं."

"चुपचापच होती मा मी. इतके दिवस."

बापानं माग थांबवला. पुन्हा माग सुरू केला.

परतल्यावर सरांनी बोलावलं. "सगळ्यांसमोर माफी माग. काम चालू राहील. निबंध वसुधाच्या नावानं जाईल. आभारात तुझं नाव टाकू."

"माफी मागत नाही."

बाहेर व्हरांड्यात ओळखीचे चेहरे होते. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या प्राध्यापकांकडे गेले. सरांचं नाव ऐकलं की जागा नाही म्हणायचे. शेवटी शाळेत नोकरी धरली. वाडीला खोली घेतली, ट्रकांच्या गोदामामागं. अंडी उबवायला पत्र्याच्या डब्यात बल्ब लावला. पहिली अंडी सडली. दुसरी मांडली.

मार्गदर्शक मिळेल किंवा मिळणार नाही. मेंदू कसा घडतो, हा प्रश्न मी सोडणार नाही. जे मी पाहिलं, ते मीच सांगणार. ऐकायला कोणी बसो, न बसो.