बेबीआत्याची बाटली

माझ्या आत्याने जन्मभर फेस न येणाऱ्या साबणाने आंघोळ केली.

काल संध्याकाळी बेबीआत्या गेली. रात्रभर प्रवास करून पोचलो.

अकोल्याच्या पुढे, खारपाण पट्ट्यात तिचं गाव. मी तिथेच तिच्या हाताखाली वाढलो. बोअरचं पाणी इतकं खारट की साबण घासून घासून हात दुखतात, फेसाचा पत्ता नाही. धुतलेलं लुगडं वाळलं की पापडासारखं कडक.

आता मी गुजरातेत, तेलविहिरींवर केमिस्ट.
विहीर म्हातारी झाली की उरलेलं तेल खडकाला चिकटून बसतं. नुसत्या पाण्याने निघत नाही. मग साबणाच्या जातीचं केमिकल, सर्फॅक्टंट, पाण्यातून आत सोडायचं. ते तेल सोडवतं.

माझं पहिलं केमिकल लॅबमध्ये एकदम भारी चाललं.
विहिरीत सोडलं, तर नासलेल्या दुधासारखं फाटलं.

विहीर बंद करायची भाषा सुरू झाली. माझी नोकरीही धोक्यात.
तोंड लपवायला आत्याकडे आलो. तिने भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं.

"तुह्या विहिरीतलं पानी गोडं हाय का खारं?"

"खारं. तुह्या बोअरपेक्षा बी खारं."

"अन् तपासलं कोन्त्या पान्यात?"

रिपोर्टच्या घाईत मी फिल्टरच्या पाण्यात उरकलं होतं. आणि मी कोण, तर खारपाणात वाढलेला शहाणा!

"येवढा शिकला, अन् आपलंच पानी इसरला कारे?"

परत गेलो. विहिरीच्याच पाण्यात पुन्हा सगळ्या टेस्ट केल्या, खाऱ्यातही न फाटणारं नवं केमिकल बनवलं. विहीर तेल देऊ लागली, नोकरी वाचली. फोनवर सांगितलं तर म्हणाली,
"मंग माह्यासाठी बी आन एक बाटली. लुगड्याले एकदा तरी फेस आलेला पाहू दे."

आणतो म्हटलं. दिवाळीला आणतो. मग उन्हाळ्यात. मग मीटिंग, मग शिफ्ट.

कपड्यांसाठी सौम्य मिश्रण बनवायला मला एक दुपार लागली असती.
एक दुपार! कालपासून हेच डोक्यात फिरतंय. धड बसवत नाही, धड रडू येत नाही.

स्मशानातून आल्यावर तिच्याच बोअरवर हात धुवायला गेलो. तिचीच साबणाची वडी. घासत राहिलो. फेस नाही. पुन्हा घासली.

तिची मुलगी मंदा मागे येऊन उभी राहिली.
"दादा, बस कर आता. कातडं निघीन."

जा आत्या. तू वाचवलेली तेलाची विहीर अजून चालू आहे.

बाटली आणायची राहिली. माफ कर मले.