कौतिकनानांचं बोट

धुळ्याजवळच्या त्या गावात वाऱ्याची गोष्ट निघाली की कौतिकनानांचं नाव हटकून निघे. उफणणीच्या दिवसांत टोपलं घेऊन तिपाईवर चढावं ते नानांनीच. दाणे पायाशी, भूस पार बांधाला! म्हणून त्र्याहत्तर साली माळावर विमानाची धावपट्टी करायचं ठरलं, तेव्हा इंजिनिअरसाहेबांपुढे गावाने नानांनाच उभं केलं.

साहेबांनी समजावून सांगितलं. विमान वाऱ्याला छाती देऊन उतरतं, म्हणून पट्टी वाऱ्याच्या ओळीत आखायची, आणि तिच्या तोंडाशी झाड म्हणून ठेवायचं नाही. त्यांनी दोन रेघा मोजून ठेवल्या होत्या. एक नानांच्या शेतातल्या निंबावरून जात होती. दुसरी धुरपदाबाईच्या शेतावरून. धुरपदाबाई म्हणजे नानांच्या थोरल्या चुलतभावाची विधवा, ना मूल ना बाळ.

"उन्हाळ्यात इथं वारा कुठून येतो, नाना?"

वारा यायचा तो निंबावरूनच. पण त्या दिवशी पान हलत नव्हतं, आणि नानांचं बोट उठलं ते धुरपदाबाईच्या बांधाकडे. "तथाईन येस, साहेब."

सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. वाऱ्याच्या बाबतीत नानांना शहाणपण कोण शिकवणार?

धुरपदाबाईचं बहुतेक शेत गेलं, खळंही गेलं. उरलेल्या तुकड्यातला गहू उफणायला ती नानांच्याच खळ्यावर येऊ लागली. खाई त्याला खवखवे! ती आली की नानांना लांबच्या बांधावर काहीतरी काम निघे.

पहिलं विमान आलं, तेव्हा गाव टाळ्या पिटत होतं. विमान मात्र आडव्या वाऱ्यात दारुड्यासारखं झोकांड्या खात उतरत होतं. आतल्या परक्या माणसांचे जीव आपण टांगणीला लावले, हे नानांना तिथं उमगलं. विमान सुखरूप टेकलं, पण नाना गर्दीतून मागं सरले. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, नानांच्या तिन्ही लेकी माहेरी आल्या. निंबाला झोका बांधून गाणी म्हणू लागल्या. खळ्यावर धुरपदाबाई गहू घेऊन आली होती. नाना या खेपेला पळाले नाहीत.

"वहिनी, वारा तथाईन नही व्हता."

"माले ठाऊक व्हतं, नाना. बठ्ठा गावले ठाऊक शे."

"मंग तुम्ही काब्र बोलन्यात नही?"

तिने झोक्याकडे पाहिलं. "निम तुटता ते पोरी झोका कोठे बांधत्यात? मना घर आखाजीले कोन येस?"

मग तिने टोपलं भरून नानांच्या हातात दिलं. "चढा. वारा चांगला शे."

नाना तिपाईवर चढले. निंबावरून सरळ वारा येत होता. पण टोपलं त्यांच्या हातून एकदमच कलंडलं, आणि दाणे नि भूस सगळं तिच्या पायाशी एकत्रच पडलं.